दहावीच्या निरोप समारंभाची गाणी: निवडण्यापासून वाजवण्यापर्यंत

जानेवारीत पूर्वपरीक्षा संपते आणि शाळेत सेंड-ऑफचे वारे वाहू लागतात. बहुतेक शाळांत हा कार्यक्रम नववीची मुलं दहावीसाठी करतात. खाऊ कोण आणणार, फळा कोण सजवणार हे पटकन ठरतं. गाण्यांचं काम मात्र नेमकं अशा कोणाकडे तरी येतं, ज्याने ते आधी कधी केलेलं नसतं: नववीचा वर्गप्रमुख, नुकत्याच रुजू झालेल्या बाई, किंवा 'तुमच्याकडे स्पीकर आहे ना' म्हणून पकडलेले एखादे पालक. आमच्या शाळेत सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आहे. दरवर्षी नवी मुलं तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

गाण्यांपासून सुरुवात करू नका. आधी कार्यक्रमातले क्षण ठरवा, मग त्या क्षणाला शोभेल असं गाणं शोधा. 'आवडती पंचवीस गाणी' अशी यादी घेऊन आलात तर त्यातली वीस कुठे वाजवायची हेच कळत नाही, आणि उरलेली पाच भाषणं चालू असताना कोणीतरी वाजवतं.

१. आधी तारीख आणि परवानगी

अलीकडे दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा मार्चच्या सुरुवातीला सुरू होते आणि तोंडी-प्रात्यक्षिक त्याआधी उरकतात. म्हणजे समारंभ जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. तारीख पक्की झाली की मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा. त्यात कार्यक्रमाची वेळ, सभागृह की मैदान, ध्वनिक्षेपक लागणार का, आणि गाण्यांची यादी हे चार मुद्दे असू द्या. यादी आधीच मंजूर करून घेतली की ऐनवेळी स्टेजवर येऊन कोणी 'हे बंद करा' म्हणत नाही.

शक्य असेल तर मैदान टाळा आणि सभागृह घ्या. त्या वेळी पाचवी ते आठवीचे तास चालू असतात. शिवाय उघड्यावर मुलांचा आवाज विरून जातो.

दहावीच्या मुलांना सरावात ओढू नका. ही त्यांच्या अभ्यासाची वेळ आहे आणि हा कार्यक्रम त्यांच्यासाठी आहे. त्यांना गायचंच असेल तर एक गाणं, तेही त्यांना आधीपासून पाठ असलेलं.

२. क्षण लिहून काढा

आमच्याकडे क्रम साधारण असा असतो: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागत, प्रास्ताविक, दहावीच्या मुलांची मनोगतं, शिक्षकांची मनोगतं, निरोपगीत, अध्यक्षीय भाषण, शाळेला भेटवस्तू, आभार, पसायदान. मग खाऊ, फोटो आणि जरा मोकळा वेळ.

यात गाण्याला खरी जागा चारच ठिकाणी आहे. ईशस्तवन, निरोपगीत आणि शेवटचं पसायदान ही तीन ठिकाणं, आणि चौथा तो खाऊनंतरचा मोकळा वेळ. पहिली तीन गाणी मुलांनी स्वतः गावीत, असं माझं ठाम मत आहे. स्पीकरवरचं गाणं कितीही सुरेल असलं तरी ते कुठेही ऐकता येतं. नववीतली चाळीस मुलं थोडी बेसूर का होईना, पण तुमच्यासाठी उभी राहून गात आहेत, ही गोष्ट आयुष्यात पुन्हा होत नाही. चौथ्या जागी खुशाल स्पीकर लावा.

३. गाणी निवडा

*ईशस्तवन.* इथे पर्याय भरपूर आहेत. साने गुरुजींचं 'खरा तो एकचि धर्म' सगळ्यांना येतं, त्यामुळे सराव जवळजवळ लागत नाही. 'उबुंटू' या २०१७च्या चित्रपटातलं 'हीच अमुची प्रार्थना' समीर सामंत यांनी लिहिलं आहे आणि संगीत कौशल इनामदारांचं आहे. चित्रपट शाळेतल्या मुलांचाच आहे, चाल समूहासाठी सोपी आहे, आणि आता कित्येक शाळांत ते परिपाठाला म्हणतात. डॉ. प्रकाश आमटे यांच्यावरच्या चित्रपटातलं गुरू ठाकूर यांचं 'तू बुद्धी दे' हेही परीक्षेच्या तोंडावर चांगलं शोभतं.

हिंदी प्रार्थना हवी असेल तर 'गुड्डी' (१९७१) मधलं 'हमको मन की शक्ति देना' आणि 'अंकुश' (१९८६) मधलं 'इतनी शक्ति हमें देना दाता' ही दोन आहेत. पहिल्याचं संगीत आपल्या वसंत देसाईंचं. दुसरं गाणाऱ्या दोघींपैकी एक पुष्पा पागधरे. हे निवेदनात सांगा, मुलांना ऐकायला आवडतं.

*निरोपगीत.* सगळा कार्यक्रम या एका गाण्यावर उभा असतो, म्हणून इथे घाई करू नका.

माझी पहिली पसंती 'आकाशी झेप घे रे पाखरा' या गाण्याला. 'आराम हराम आहे' (१९७६) या चित्रपटासाठी जगदीश खेबुडकरांनी ते लिहिलं, आणि संगीत व आवाज दोन्ही सुधीर फडक्यांचे. काहीजण म्हणतात, यात सोन्याचा पिंजरा सोडायला सांगितलं आहे, मग शाळेला पिंजरा म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. ऐतं मिळणारं सुख सोडून स्वतःच्या बळावर उभं राहा, हे त्या गाण्याचं म्हणणं आहे. दहावीनंतर मुलं नेमकं तेच करायला निघतात. फक्त निवेदन करणाऱ्याने हे एका वाक्यात आधी सांगून टाकावं. फडक्यांच्या हरकती (सुरांची नाजूक वळणं) गळ्यात उतरवण्याच्या फंदात पडू नका. चाल सरळ ठेवा, शब्द स्वच्छ येऊ द्या.

दुसरं, सुधीर मोघ्यांचं आणि श्रीधर फडक्यांनी चाल दिलेलं 'फिटे अंधाराचे जाळे'. मूळ गाणं दोन आवाजांतलं आहे, त्यामुळे मुलं आणि मुली अशी कडवी सहज वाटता येतात. त्यात निरोपाचं दुःख नाही, सकाळ आहे. ज्या वर्गाला रडवायचं नाही असं तुम्ही ठरवलं आहे, त्या वर्गासाठी हे घ्या.

तिसरं, मंगेश पाडगावकरांचं 'या जन्मावर, या जगण्यावर'. यशवंत देवांची चाल आणि अरुण दातेंचा आवाज घराघरांत पोचलेला असल्याने पालकही बरोबर गुणगुणतात. मात्र पंधरा वर्षांच्या मुलांना ते जरा मोठ्यांचं वाटतं. मुलांना विचारून ठरवा.

हिंदीत 'इम्तिहान' (१९७४) चित्रपटातलं 'रुक जाना नहीं' आहे. त्या चित्रपटाचा नायकच शिक्षक आहे आणि नावातच परीक्षा आहे, त्यामुळे हे गाणं शिक्षकांकडून मुलांना द्यायला उत्तम. आमच्याकडे एकदा सगळ्या शिक्षकांनी मिळून ते म्हटलं आणि सभागृह शांत झालं. तुमच्या शाळेतल्या सरांना आणि बाईंना विचारून बघा. ते आधी नाही म्हणतात, पण दुसऱ्यांदा विचारलं की तयार होतात.

गाणारं कोणीच नसेल तर कविता घ्या. कुसुमाग्रजांची 'कणा' ही जुन्या विद्यार्थ्याने सरांना भेटायला येण्याची कविता आहे. एकाच मुलाने ती कागद न बघता, ठाय (संथ) लयीत म्हटली तर गाण्याची उणीव भासत नाही.

*मोकळ्या वेळाची गाणी.* इथे मुलांचं ऐका. के.के.च्या १९९९च्या 'पल' या अल्बममधली 'पल' आणि 'यारों' ही दोन गाणी इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक बॅच मागतेच. ३१ मे २०२२ला कोलकात्यात कॉलेजच्या कार्यक्रमात गायल्यानंतर काही तासांतच के.के. गेला, तेव्हापासून 'पल' ऐकताना शिक्षकांचेही डोळे भरतात. 'शोले'तलं 'ये दोस्ती' दोन मित्रांनी मिळून गायलं की रंगत येते. 'दुनियादारी'तलं 'जिंदगी जिंदगी', 'दिल चाहता है'चं शीर्षकगीत, 'इक़बाल' (२००५) मधलं 'आशाएँ' हीही चालतात. पाडगावकरांचं 'सांग सांग भोलानाथ' मध्येच लावून बघा. बालवाडीपासून एकत्र असलेली मुलं कशी मोठमोठ्याने म्हणू लागतात ते पाहण्यासारखं असतं.

'झिंगाट' मागितलं जाईलच. आमच्याकडे ते शेवटून दुसरं असतं. सगळी नाचून दमतात आणि मग शेवटच्या शांत गाण्याला खाली बसतात. क्रम उलटा केला तर तो शेवट हाती लागत नाही.

शेवटचं म्हणून 'चलते चलते मेरे ये गीत याद रखना' लावा. १९७६चा 'चलते चलते' चित्रपट, आवाज किशोरकुमार, संगीत बप्पी लाहिरी, शब्द अमित खन्ना.

४. शब्द शेवटच्या कडव्यापर्यंत वाचा

सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. मुखडा निरोपाचा वाटतो आणि गाणं भलत्याच प्रसंगाचं असतं.

'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' हे पी. सावळाराम यांचं अजोड गाणं आहे, पण ते सासरी निघालेल्या लेकीसाठी आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना शाळेतून निरोप देताना ते लावू नये. त्या अकरावीला निघाल्या आहेत. 'बाबुल की दुआएं'लाही हेच लागू.

'अखेरचा हा तुला दंडवत' हे 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) मधलं लताबाईंचं गाणं. संगीतही त्यांचंच, आनंदघन या नावाने दिलेलं. आज ते श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांत इतकं वाजतं की पहिल्या सुरालाच मोठी माणसं गंभीर होतात. तुकोबांचा 'आम्ही जातो आपुल्या गावा' हा अभंग काही शाळांत फलकावर लिहिलेला दिसतो. तोही त्यांच्या वैकुंठगमनाशी जोडलेला आहे. मुलं परीक्षेला निघालेली असताना हे शब्द नकोत.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत 'सी यू अगेन' हमखास असतं. २०१५च्या 'फ्युरियस ७' चित्रपटातलं हे गाणं अपघातात गेलेल्या पॉल वॉकर या नटाच्या आठवणीत केलेलं आहे. त्याऐवजी व्हिटॅमिन सी या गायिकेचं 'ग्रॅज्युएशन' घ्या. ते शाळा संपण्यावरच लिहिलेलं आहे. शिक्षकांसाठी लुलूचं १९६७चं 'टू सर, विथ लव्ह' आहे.

'पुरानी जीन्स' मुलं मागतात, पण ते मागे वळून पाहणाऱ्या माणसाचं गाणं आहे. दहा वर्षांनी माजी विद्यार्थी मेळाव्यात जास्त शोभेल. 'दमलेल्या बाबाची कहाणी' सुंदर आहे यात शंका नाही, पण पालक समोर बसलेले असताना ते लावलं की पुढची पंधरा मिनिटं कोणी सावरत नाही. परीक्षेच्या आधी मुलांना तेवढं हलवू नका.

आणि एक, कवीचं नाव बरोबर सांगा. 'असे जगावे छाताडावर' ही कविता विंदा करंदीकरांची म्हणून सगळीकडे फिरते. ती गुरू ठाकूर यांची आहे. निवेदनाच्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे कवी आणि संगीतकार लिहा, आणि फॉरवर्ड आलेल्या मजकुरावरून लिहू नका.

५. पट्टी ठरवा आणि सराव करा

या वयात मुलांचा आवाज फुटत असतो. सातवीत वरच्या सुरात सहज गाणारा मुलगा आता मध्येच घोगरा होतो आणि लाजून गायचंच सोडतो. त्याला कोणी हसू नये, एवढं पहिल्या दिवशीच सांगा.

पट्टी म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या स्वरावर धरायचा ते; 'काळी चार' म्हणजे सप्तकातला चौथा काळा स्वर. साधारणपणे मुलींना काळी चार किंवा काळी पाच सोयीची जाते आणि आवाज बदललेल्या मुलांना काळी एक-दोन. सगळ्यांनी मिळून गायचं असेल तर पेटीवर बसणाऱ्या बाईंना किंवा सरांना मधली पट्टी शोधायला सांगा. सोपी युक्ती म्हणजे मुखडा सगळ्यांनी म्हणायचा आणि कडवी वाटून घ्यायची. गाण्याचा सर्वांत वरचा सूर आधी गाऊन बघा. तो पोचला तरच ती पट्टी ठेवा.

कराओके ट्रॅक वापरणार असाल तर तो मूळ गायकाच्या पट्टीत असतो, हे विसरू नका. किशोरकुमारच्या ट्रॅकवर मुलींची ओढाताण होते. ट्रॅकची पट्टी वर-खाली करणारी ॲप मोबाइलवर मिळतात. दोन सुरांपर्यंत बदल केला तर वाद्यांचा आवाज बिघडत नाही. तरीही मी पेटी आणि ढोलकीच सुचवेन, कारण मुलं एखादी ओळ विसरली तर पेटीवाला थांबतो, ट्रॅक थांबत नाही. वीज गेली तरीही गाणं चालू राहतं.

आठ-दहा दिवस रोज पाऊण तास सराव पुरतो. पहिले तीन दिवस फक्त शब्द पाठ करा. कागद हातात घेऊन गाणारी मुलं मान खाली घालतात आणि आवाज जमिनीत जातो.

तुमच्या शाळेत बँडपथक असेल तर आणखी एक सुंदर गोष्ट करता येईल. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी छात्र बाहेर पडतात ते 'ऑल्ड लँग साइन' या स्कॉटिश धुनेवर. हीच धून रवींद्रनाथांनी 'पुरानो सेइ दिनेर कथा' या बंगाली गीताला घेतली, आणि जपानमधल्या शाळांत निरोपाला म्हणतात ते 'होतारु नो हिकारी' हे गीतही हिच्यावरच आहे. धून पाचच सुरांची आहे, आपल्या भूप रागासारखी, त्यामुळे बासरीवर किंवा पेटीवर लवकर बसते. मुलं सभागृहाबाहेर रांगेने निघताना ती वाजवा.

६. साहित्य गोळा करा

आदल्या दिवशी हे सगळं एका पिशवीत असू द्या:

- गाण्यांची क्रमवार छापील यादी, तीन प्रती (निवेदक, स्पीकरवर बसणारा, जबाबदार शिक्षक)
- सर्व गाणी असलेले दोन पेन ड्राइव्ह. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असा क्रमांक
- लॅपटॉप किंवा मोबाइल, चार्जरसकट
- ऑक्स केबल (ब्लूटूथवर विसंबू नका)
- एक्स्टेंशन बोर्ड, चिकटपट्टी
- दोन माइक, त्यांचे जादा सेल
- पेटी, ढोलकी, टाळ
- मंजूर झालेला अर्ज

गाणी थेट यूट्यूबवरून वाजवू नका. शाळेत नेट रेंगाळतं आणि निरोपगीताच्या ऐन सुरुवातीला साबणाची जाहिरात लागते. गाणी अधिकृतपणे विकत घेऊन किंवा सशुल्क ॲपवर आधीच उतरवून ठेवा. पेन ड्राइव्हमधल्या फाइली त्याच स्पीकरवर एकदा वाजवून पाहा, कारण काही स्पीकर फक्त एमपीथ्री वाचतात. मोबाइल वापरत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर कोणाच्या तरी आईचा फोन सगळ्या सभागृहाला ऐकू जातो.

शोधताना नावाकडे नीट बघा. 'चलते चलते' टाकलं की 'पाकीज़ा'तलं लताबाईंचं गाणं येतं, २००३चा चित्रपट येतो, आणि त्याच गाण्यातली 'कभी अलविदा ना कहना' ही ओळ टाकली की २००६च्या त्याच नावाच्या चित्रपटाचं शीर्षकगीत समोर येतं, जे तुटलेल्या संसाराचं आहे. तुम्हाला हवं आहे ते किशोरकुमारचं, १९७६चं. रिमिक्स, लो-फाय, 'स्लो' अशी रूपंही असतात. प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकूनच यादीत घ्या.

७. कार्यक्रमाच्या दिवशी

स्पीकरवर एकच मुलगा किंवा मुलगी बसेल, आणि तिथून उठणार नाही. फर्माइशी सांगायला मुलं गर्दी करतात. त्यासाठी शेजारी वही ठेवा, ज्यांना हवं त्यांनी लिहावं, मोकळ्या वेळात जमेल तेवढं वाजेल.

मनोगत चालू असताना मागे हळू संगीत लावायची टूम आली आहे. ती टाळा. दहावीतली मुलगी आधीच घाबरलेली असते, तिचा आवाज बारीक होतो, आणि मागच्या बाकांवर काही ऐकू जात नाही. ती रडू लागली तर निवेदकाने गडबड करू नये. थोडं थांबावं, पाणी द्यावं, टाळ्या आपोआप होतात.

निरोपगीताआधी अर्धा मिनिट काही बोलू नका, काही वाजवू नका. गाणारी मुलं दहावीकडे तोंड करून उभी राहू द्या, पाहुण्यांकडे नाही.

पसायदान सर्वांनी उभं राहून म्हणा. नऊ ओव्या आहेत, सगळ्या म्हणा. वेळ कमी पडत असेल तर भाषण कमी करा.

८. नंतरची दोन कामं

व्हिडिओ टाकायची घाई असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शाळेला सूट देतं: शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी गाणी सादर केली, किंवा फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर वाजवली, तर हरकत नाही. ही सूट सभागृहापुरती आहे. तोच व्हिडिओ इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर टाकला की कंपनीचा दावा येऊ शकतो आणि आवाज बंद होऊ शकतो. मुलांनी स्वतः गायलेलं ध्वनिमुद्रण पेन ड्राइव्हवर किंवा पालकांच्या गटात द्या. मुलांचे चेहरे जाहीर टाकण्याआधी पालकांना विचारा.

दुसरं काम म्हणजे यंदाची यादी, कोणत्या गाण्याची कोणती पट्टी ठेवली होती ते, आणि शब्दांच्या प्रती एका फाइलमध्ये लावून ती सांस्कृतिक विभागाच्या कपाटात ठेवा. फाइलवर वर्ष लिहा. आत्ता आठवीत असलेल्या मुलांना पुढच्या जानेवारीत ती लागणार आहे.